दुसरी गिटार कशी निवडावी: सुरुवात पहिल्या गिटारपासून

गिटार शिकायला लागून सहा-आठ महिने झाले आणि सुरुवातीचे कॉर्ड बोटांत बसले, की दुसऱ्या गिटारची ओढ लागते. त्यात गैर काही नाही. मात्र ही ओढ नेमकी कोणत्या अडचणीतून आली आहे हे न तपासता खरेदीला निघालेल्या माणसाच्या हाती बहुधा पहिल्याच गिटारची थोडी महाग आवृत्ती येते आणि मूळ अडचण जिथल्या तिथे राहते. माझ्या बाबतीत अगदी असेच झाले. पहिली गिटार खांद्याला त्रास देते म्हणून मी दुसरी घेतली, दुकानात तिच्या घुमणाऱ्या आवाजावर भाळलो, आणि दोन्ही गिटारींच्या खोक्यांची लांबी, रुंदी व खोली जवळजवळ सारखीच आहे हे घरी दोघी शेजारी ठेवल्यावर लक्षात आले. खांदा अर्थातच दुखत राहिला.

पायरी पहिली: हातातली गिटार आधी नीट करून घ्यावी

नवशिक्यांच्या तक्रारी ठरावीक असतात. एफचा बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून धरायचा) लागत नाही, बोटे फार दुखतात, वरच्या फ्रेटवर (नेकवर, म्हणजे गिटारच्या दांडीवर बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) वाजवले की बेसूर वाटते, आवाज बोदा येतो. यांपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ गिटारच्या प्रतीत नसून तिच्या जुळणीत, म्हणजे ज्याला वादक ‘सेटअप’ म्हणतात त्यात असते.

प्रथम ॲक्शन, म्हणजे तार आणि फ्रेट यांमधील अंतर मोजावे. मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी बाराव्या फ्रेटवर उभी धरून फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर पाहावे. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारवर ते सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेखाली साधारण २.५ मिमी आणि पहिल्या तारेखाली २ मिमीच्या आसपास असावे. नायलॉनच्या तारांच्या गिटारवर अनुक्रमे ४ आणि ३ मिमी चालते. इलेक्ट्रिक गिटारवर ते दीड-दोन मिमीच असते. स्टीलच्या गिटारवर हा आकडा साडेतीन-चार मिमी आला, तर बोटांना दोष देण्याचे कारण नाही.

दुसरी तपासणी नटची, म्हणजे नेकच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीची. एफ कॉर्ड पहिल्या फ्रेटवर धरावा लागतो आणि नटच्या खाचा पुरेशा खोल नसतील तर तारा नेमक्या तिथेच दाबायला सर्वांत जड जातात. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावून तोच बार कॉर्ड एक फ्रेट पुढे धरून पाहावा. तो एकाएकी सोपा झाला तर दोष नटचा आहे आणि जाणकार कारागीर खाचा घासून तो थोड्या वेळात दूर करू शकतो. या एका परीक्षेने अनेकांची दुसरी गिटार काही महिने पुढे ढकलली जाऊ शकते.

त्याच वेळी तारा बदलाव्यात. जुन्या, गंजू लागलेल्या तारांचा आवाज मरतो आणि त्या सुरालाही दगा देतात. अकूस्टिक गिटारवर बहुधा १२ क्रमांकाचा संच असतो. हा क्रमांक पहिल्या तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत सांगतो. ११ किंवा १० क्रमांकाचा संच लावला की दाबायला जोर कमी लागतो, आवाज मात्र किंचित पातळ होतो. मूळ गिटार नायलॉनच्या तारांची असेल, तर तिला स्टीलच्या तारा कधीही लावू नयेत. स्टीलच्या सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलोपर्यंत जातो आणि नायलॉनच्या तारांचा त्याहून पुष्कळ कमी असतो, त्यामुळे त्या हलक्या बांध्याचा ब्रिज, म्हणजे खोक्यावर तारा जिथे अडकवलेल्या असतात तो तुकडा, उखडून येण्याची भीती असते.

पायरी दुसरी: उरलेली अडचण लिहून काढावी

सेटअप आणि नव्या तारा यांनंतरही जे खटकते, तेच दुसऱ्या गिटारचे खरे वर्णन होय. दोन-तीन आठवडे सरावाच्या वहीत ते त्या-त्या वेळी टिपावे. ‘रात्री घरचे झोपल्यावर वाजवता येत नाही’, ‘बोटांनी वाजवताना दोन तारांमध्ये बोट अडकते’, ‘चौदाव्या फ्रेटच्या पुढे हात पोहोचत नाही’, ‘बसून वाजवताना उजवा खांदा वर उचलला जातो’ अशा नोंदी उपयोगी पडतात. ‘आवाज आवडत नाही’ ही नोंद अपुरी आहे. कोणत्या प्रकारच्या संगीतात आणि कोणत्या स्वरांवर आवडत नाही, हेही लिहावे. ‘दिसायला आवडत नाही’ ही नोंद मात्र मी खोडणार नाही, कारण जी गिटार पाहावीशी वाटते ती हातातही जास्त वेळा घेतली जाते.

पायरी तिसरी: प्रकार ठरवावा

येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. माझे मत असे आहे की दुसरी गिटार पहिलीपेक्षा ‘चांगली’ असण्याआधी ती ‘वेगळी’ असली पाहिजे.

रात्रीच्या सरावाची अडचण असेल किंवा सोलो वाजवण्याची ओढ असेल, तर इलेक्ट्रिक गिटारकडे वळावे. तिच्यावर ९ किंवा १० क्रमांकाच्या पातळ तारा असतात, ॲक्शन कमी असते आणि हेडफोन लावून शांतपणे वाजवता येते. तिची दुसरी बाजूही आधीच कळलेली बरी. अकूस्टिकवर ऐकू न येणारे प्रत्येक घर्षण आणि चुकून छेडली गेलेली प्रत्येक तार ॲम्पमधून मोठ्याने ऐकू येते, म्हणून नको असलेल्या तारा दाबून ठेवण्याचे तंत्र नव्याने शिकावे लागते. येथे एक गैरसमजही दूर केला पाहिजे. पिकअप (आवाजाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारे साधन) बसवलेली अकूस्टिक गिटार, जिला बोलीत सेमी-अकूस्टिक म्हटले जाते, ती इलेक्ट्रिक गिटारचे काम करत नाही. तिच्या सॅडलखालचा, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीखालचा, पिकअप अकूस्टिक आवाजच मोठा करून देतो. रंगमंचावर वाजवायचे असेल तरच त्याचा खरा उपयोग.

इलेक्ट्रिकमध्ये पिकअपचे दोन मुख्य प्रकार आहेत. सिंगल कॉइलचा आवाज स्वच्छ आणि टोकदार असतो, पण तो घरातील विजेची गुणगुण पकडतो. हंबकरमध्ये एकमेकींच्या विरुद्ध जोडलेल्या दोन कॉइल ही गुणगुण परस्परांत मिटवतात. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास तो विकसित केला. कोणता घ्यावा हे आपण ऐकत असलेल्या संगीतावरून ठरवावे. ब्रिजबाबत मात्र मी ठाम आहे: पहिली इलेक्ट्रिक गिटार स्थिर ब्रिजचीच घ्यावी. तरंगत्या ट्रेमोलो ब्रिजवर, म्हणजे स्प्रिंगच्या आधारे हलणाऱ्या ब्रिजवर, एक तार सुरात लावली की बाकीच्या पाच उतरतात किंवा चढतात, आणि वाजवताना एक तार तुटली तर सगळी गिटारच बेसूर होते. नवशिक्याचा सरावाचा वेळ मग ट्यूनर पाहण्यात जातो.

बोटांनी वाजवण्याची आवड असेल तर नटची रुंदी पाहावी. नायलॉनच्या क्लासिकल गिटारचा नट साधारण ५२ मिमी रुंद असतो, स्टीलच्या अकूस्टिकचा ४३ ते ४५ मिमी आणि बहुतेक इलेक्ट्रिकचा ४२-४३ मिमी. आठ-नऊ मिमीचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो; हातात तो सहा तारांमधल्या पाच फटींत वाटला जातो आणि लगेच जाणवतो. क्लासिकल गिटार फार रुंद वाटणाऱ्यांनी ४५ मिमीच्या आसपासचा नट असलेली स्टीलची गिटार पाहावी.

खांदा किंवा पाठ दुखत असेल तर उपाय खोक्याच्या आकारात आहे. नवशिक्यांच्या हाती सहसा येणारी मोठी, रुंद कमरेची अकूस्टिक म्हणजे ड्रेडनॉट. मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये हा आकार प्रथम बनवला आणि त्याला एका ब्रिटिश युद्धनौकेचे नाव दिले, यावरूनच त्याचा हेतू कळतो: मोठा, दमदार आवाज. गाण्याला कॉर्डची साथ करायला तो उत्तम, पण सोफ्यावर बसून तासभर वाजवायला अवघड. ऑर्केस्ट्रा मॉडेल किंवा कॉन्सर्ट आकाराची गिटार कमरेत बारीक आणि खोलीला कमी असते. ती मांडीवर नीट बसते आणि उजवा हात नैसर्गिकपणे खाली येतो.

लहान हातांसाठी स्केलची लांबी, म्हणजे नटपासून सॅडलपर्यंतचे अंतर, महत्त्वाची. इलेक्ट्रिकमध्ये ६४८ मिमी आणि ६२८ मिमी ही दोन मापे नेहमी आढळतात. पहिल्या फ्रेटची रुंदी त्यामुळे जेमतेम एका मिलिमीटरने बदलते. मोठा फरक पडतो तो ताणात. त्याच तारा त्याच सुरात लावल्या तर लहान स्केलवर ताण सुमारे ६ टक्क्यांनी कमी होतो आणि तार ओढून स्वर वाढवणे सोपे जाते.

पुन्हा स्टीलची अकूस्टिकच घ्यायची असेल, तर खरा फरक पडतो तो अखंड लाकडाच्या वरच्या फळीने. अनेक प्राथमिक गिटारींची वरची फळी प्लायवुडसारख्या थरांची असते. आवाजाच्या भोकाची कड निरखून पाहावी: वरच्या पृष्ठभागावरील रेषा कडेवरून सरळ खाली उतरत असतील तर फळी अखंड, कडेला आडवे थर दिसत असतील तर ती थरांची. अखंड फळी आर्द्रतेला जास्त जपावी लागते; ४५ ते ५५ टक्के आर्द्रता तिला मानवते आणि फार कोरड्या हवेत तिला तडा जाऊ शकतो. मागच्या आणि बाजूच्या फळ्यांसाठी या टप्प्यावर जादा पैसे मोजू नयेत.

पायरी चौथी: सगळा खर्च एकत्र धरावा

ठरवलेली सगळी रक्कम गिटारवरच खर्च करू नये. सेटअप, जादा तारा, पिशवी आणि इलेक्ट्रिक असेल तर केबल व छोटा ॲम्प यांचा वाटा आधी बाजूला काढावा. घरच्या सरावाला १०-२० वॉटचा ॲम्प भरपूर होतो.

पायरी पाचवी: दुकानात वाजवून पाहावी

संकोचामुळे नवशिका दुकानदारालाच वाजवायला सांगतो, आणि सराईत हातांत कोणतीही गिटार छानच वाजते. म्हणून आपल्याला न चुकता येतात असे तीन तुकडे ठरवून जावे आणि प्रत्येक गिटारवर तेच वाजवावेत. पहिली पाच मिनिटे काहीच न वाजवता गिटार मांडीवर घेऊन बसावे. नेक डाव्या हाताने उचलून धरावी लागत असेल, तर त्या गिटारचा तोल तुमच्यासाठी नाही.

मग गिटार सुरात लावून पुढील तपासण्या कराव्यात. सहावी तार एकाच वेळी पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबून सातव्या फ्रेटपाशी पाहावे. तिथे भेटकार्डाच्या जाडीइतकी फट असावी. फट मुळीच नसेल किंवा फार मोठी असेल तर नेकची जुळणी करावी लागेल. नंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा छेडावी. हे कंटाळवाणे आहे, तरीही खरखरणारा किंवा मेलेला स्वर शोधण्याचा दुसरा मार्ग नाही. बाराव्या फ्रेटवर तार हलकेच स्पर्शून निघणारा हार्मोनिक आणि तिथेच दाबून निघणारा स्वर ट्यूनरवर ताडून पाहावा. इलेक्ट्रिकवर हा फरक स्क्रूने दुरुस्त होतो. अकूस्टिकचा सॅडल एका जागी बसवलेला असल्यामुळे तेथे मोठा फरक आढळला तर ती गिटार परत ठेवावी. शेवटी नेकच्या कडेवरून तळहात सावकाश फिरवावा. फ्रेटची टोके करवतीसारखी बोचली, तर कारखान्यात शेवटचा हात फिरलेला नाही असे समजावे.

शेवटच्या दोन गिटारींत निवड अडली, की दुकानदाराकडे पाठ करून बसावे आणि त्याला दोन्ही आळीपाळीने वाजवायला सांगावे. रंग आणि नाव नजरेआड झाले की कान वेगळाच कौल देतात.

पायरी सहावी: वापरलेली गिटार असेल तर

वापरलेल्या गिटारला नकार देण्याचे कारण नाही, पण चार जागा बारकाईने पाहाव्यात. अकूस्टिकच्या ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा तुकडा सरकवून पाहावा. तो आत शिरला तर ब्रिज सुटू लागला आहे. नटच्या मागे, जिथे नेक सर्वांत बारीक होते, तिथे नेक मोडून पुन्हा जोडल्याची रेघ शोधावी. पहिल्या तीन फ्रेटवर तारांनी खोल खड्डे पाडले असतील तर फ्रेट बदलण्याचा खर्च धरावा. सर्वांत फसवी खूण म्हणजे सॅडल घासून घासून अगदी बुटका झालेला असूनही ॲक्शन उंचच असणे: नेकचा कोनच बदलला आहे आणि ती दुरुस्ती कधीकधी गिटारच्या किमतीला भिडते.

पायरी सातवी: घरी आणल्यावर

नव्या हवेत लाकूड स्थिरावायला वेळ लागतो, म्हणून अंतिम सेटअप दोन आठवड्यांनी करून घ्यावा. दोषामुळे परत करण्याची मुदत मात्र त्याआधी संपत नाही ना, हे पावतीवर पाहून ठेवावे. पहिली गिटार लगेच विकू नये. तिची सहावी तार ई वरून डी पर्यंत उतरवून तिला त्याच सुरावटीत ठेवून द्यावे, म्हणजे नव्या गिटारच्या खुंट्या प्रत्येक गाण्यामागे पिळाव्या लागणार नाहीत.