डिस्क लिहिण्याचा वेग मंदावला तर दोष कुठे शोधावा

घरच्या संगणकावर डीव्हीडी बर्न करायला घ्यावी, वेष्टनावर १६एक्स असे ठळक छापलेले असावे आणि पडद्यावरचा आकडा मात्र दोन-अडीचच्या पुढे सरकू नये, ही तक्रार जुनीच आहे. अशा वेळी पहिला ठपका कोऱ्या डिस्कवर येतो, दुसरा राइटरवर, आणि नवा राइटर बसवूनही फरक पडला नाही की लोक विंडोज पुन्हा टाकून घेतात. वास्तविक हार्ड डिस्कवरून निघालेली माहिती लेझरपर्यंत पोहोचते तोवर तिला चार-पाच टप्पे ओलांडावे लागतात आणि त्यांतला अडखळणारा टप्पा कोणता, हे कसलीही खरेदी न करता एका बर्नमध्येच बऱ्याच अंशी ओळखता येते.

मुळात वेग खरोखरच कमी आहे का, हे आधी मोजून घ्यावे. सीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट. डीव्हीडीचा १एक्स त्याच्या नऊपट, म्हणजे सुमारे १,३८५ किलोबाइट, आणि ब्लू-रेचा साधारण साडेचार मेगाबाइट. त्यामुळे ५२एक्सची सीडी ऐकायला वेगवान वाटली तरी ती सेकंदाला पावणेआठ मेगाबाइटच लिहिते, तर १६एक्सची डीव्हीडी बावीस मेगाबाइटपर्यंत जाते. ४.७ जीबीची डीव्हीडी काठोकाठ भरायची असेल तर १६एक्सने पाच-सहा मिनिटे, ८एक्सने आठ-नऊ आणि ४एक्सने चौदा-पंधरा मिनिटे लागणे स्वाभाविक आहे. लॅपटॉपमधले आणि यूएसबीला जोडायचे चपटे राइटर डीव्हीडीसाठी ८एक्सच्या पुढे जातच नाहीत. त्यांत १६एक्सची डिस्क घातली म्हणून वेळ अर्ध्यावर येणार नाही.

आणखी एक गैरसमज सुरुवातीच्या आकड्याचा. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. जात्याचा खुंटा कडेला असतो म्हणून एका फेऱ्यात तो जितके अंतर कापतो तितके मधल्या तोंडापाशी असलेला दाणा कापत नाही; डिस्कचेही तसेच आहे. फिरण्याची गती तीच ठेवली तरी आतल्या कड्यापाशी लेझरखालून कमी लांबीचा मार्ग सरकतो. म्हणून १६एक्सचे लेखन साडेसहा एक्सच्या आसपास सुरू होते आणि बाहेरच्या कडेपाशी पोहोचताना सोळाला टेकते. पहिल्या मिनिटाचा आकडा पाहून बर्न रद्द करणाऱ्यांनी डिस्क उगीचच वाया घालवलेली असते.

त्याचप्रमाणे सगळा वेळ लेखनातच जातो असेही नाही. घरच्या लग्नाच्या चित्रीकरणापासून डीव्हीडी प्लेयरवर चालणारी डिस्क बनवताना प्रोग्रॅम आधी त्या चित्रफितीचे रूपांतर करतो आणि जुन्या संगणकावर त्यालाच तासन् तास लागतात. राइटर तोवर रिकामा बसलेला असतो. विंडोजमध्ये कोरी डिस्क घातल्यावर जी निवड पुढे येते, तिच्यात ‘लाइक अ यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह’ हा पर्याय घेतला तर डिस्क आधी फॉरमॅट होते आणि फाइली एकेक करून चढतात. एकदाच लिहून ठेवायची डिस्क असेल तर दुसरा पर्याय, म्हणजे ‘विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेयर’, घ्यावा. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्क जात्याच मंद असतात आणि डीव्हीडी-रॅमवर व पुष्कळदा ब्लू-रेवरही राइटर लिहिलेला भाग लगेच तपासून पाहतो, त्यामुळे वेग निम्मा होतो. हे दोष नव्हेत.

एवढे वजा करूनही वेग कमीच भरत असेल तर इमगबर्नसारखा एखादा मोफत प्रोग्रॅम घ्यावा, ज्यात लिहिताना बफरच्या, म्हणजे माहिती तात्पुरती साठवून ठेवणाऱ्या जागेच्या, दोन पट्ट्या दिसतात. त्यांपैकी एक पट्टी संगणकाच्या मेमरीत राखलेल्या बफरची आणि दुसरी राइटरच्या स्वतःच्या बफरची असते. राइटरचा बफर पुष्कळदा अवघा दोन मेगाबाइटचा असतो. १६एक्सच्या वेगात तो सेकंदाचा दहावा भागसुद्धा पुरत नाही. म्हणूनच मेमरीतला मोठा बफर त्याच्या मागे उभा असतो, इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीसारखा. नळाची धार बारीक झाली तर आपण आधी टाकीत डोकावतो. टाकी भरलेली असेल तर खोट टाकीच्या खाली, आणि टाकी रिकामी होत असेल तर खोट पंपात. इथेही नेमके हेच पाहायचे आहे.

बर्न सुरू करून दोन्ही पट्ट्यांवर निदान तीन-चार मिनिटे नजर ठेवावी. दोन्ही पट्ट्या सतत नव्वद टक्क्यांच्या वर असतील आणि तरीही वेग चार एक्सवर अडला असेल, तर माहिती दारात येऊन थांबली आहे आणि राइटर ती घेत नाही. अशा वेळी डिस्क, लेझर किंवा राइटरचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतच बसवलेला प्रोग्रॅम, तपासावे. मेमरीतला बफर वारंवार ओसरून पुन्हा भरत असेल, तर हार्ड डिस्ककडूनच पुरवठा तुटतो आहे. आणि मेमरीतला बफर भरलेला पण राइटरचा बफर रिकामा, अशी तिसरी स्थिती असेल, तर मधली वाट, म्हणजे केबल, पोर्ट किंवा ट्रान्सफर मोड (माहिती नेण्याची पद्धत), अरुंद झाली आहे. माझ्या मते या तिसऱ्या स्थितीकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते.

पूर्वी हा पुरवठा क्षणभर तुटला तरी डिस्क सरळ बाद व्हायची. सान्योचे बर्न-प्रूफ तंत्र २००० साली आले आणि पुढे त्यासारखी तंत्रे सगळ्याच राइटरांत आली. आता बफर रिकामा झाला की लेझर थांबतो आणि माहिती आल्यावर त्याच जागेपासून पुढे लिहू लागतो. सोय मोठी झाली. पण जो दोष पूर्वी बाद डिस्कच्या रूपाने समोर यायचा तो आता नुसत्या संथपणाच्या आड लपून राहतो.

पुरवठ्याचा दोष दूर करणे तुलनेने सोपे आहे. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? हजारो छोटी छायाचित्रे थेट बर्न करायला दिली की हार्ड डिस्कचे हेड प्रत्येक फाइलसाठी इकडून तिकडे धावते आणि बफर ओसरतो. अशा वेळी इमगबर्नमधूनच आधी हार्ड डिस्कवर एक आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली प्रत, बनवावी आणि नंतर ती डिस्कवर लिहावी. एकसंध फाइल हार्ड डिस्क सलग वाचते. पेनड्राइव्हवरून, वायफायवरून किंवा दुसऱ्या डिस्कवरून थेट लिहू नये. अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी, टॉरंट, मोठ्या फाइलींची कॉपी ही कामे तेवढा वेळ थांबवावीत.

मधल्या वाटेचे मात्र जरा सविस्तर सांगायला हवे. विंडोज एक्सपीच्या काळातला, रुंद पट्टीसारखी आयडीई केबल (हार्ड डिस्क आणि राइटर मदरबोर्डला जोडण्याची जुनी पद्धत) असलेला संगणक अजूनही पुष्कळ घरांत जुन्या कॅसेटी आणि फोटो डिस्कवर चढवण्यासाठी राखून ठेवलेला असतो. त्यात माहिती नेण्याचे दोन मार्ग आहेत. डीएमए पद्धतीत ती प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीतून जाते, तर पीआयओ पद्धतीत प्रत्येक घास प्रोसेसरला स्वतः भरवावा लागतो. एक्सपी एखाद्या आयडीई उपकरणाच्या बाबतीत टाइम-आउटच्या (वेळेत उत्तर न येण्याच्या) किंवा सीआरसीच्या (माहिती वाटेत बिघडल्याच्या) सहा चुका मोजते, मग मोड एक पायरी खाली आणते, आणि असे करत शेवटी पीआयओवर येऊन थांबते. चुकांचे कारण एखादी ओरखडलेली डिस्क वाचण्याचा खटाटोपही असू शकतो. कारण दूर झाले तरी विंडोज आपण होऊन परत वर चढत नाही.

माझ्याच घरी हे घडले तेव्हा मी तीन प्रकारच्या कोऱ्या डिस्क बदलून पाहिल्या आणि प्रत्येक वेळी पाऊण तास घालवला. खूण तर पहिल्या दिवसापासून समोर होती: बर्न सुरू झाले की माऊसचा बाण अडखळत सरकायचा, गाणे तुटक वाजायचे आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा आलेख छताला टेकायचा. बर्न करताना संगणक असा जड झाला तर पीआयओचाच संशय घ्यावा.

खात्री करण्यासाठी डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘आयडीई एटीए/एटापी कंट्रोलर्स’ या नोंदीखाली ज्या चॅनलवर राइटर आहे तो, बहुधा ‘सेकंडरी आयडीई चॅनल’, शोधावा. त्याच्या प्रॉपर्टीजमधील ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’ या पानावर ‘करंट ट्रान्सफर मोड’ लिहिलेला असतो. तिथे पीआयओ दिसले तर वरचा पर्याय ‘डीएमए इफ अव्हेलेबल’ असा आहे ना, हे पाहावे. तो तसा असूनही मोड पीआयओच राहत असेल, तर तो चॅनल अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू करावा. विंडोज चॅनल नव्याने ओळखते आणि चुकांचा जुना हिशेब पुसला जातो. महिन्याभरात मोड पुन्हा घसरला तर केबल बदलावी. चाळीस तारांच्या केबलऐवजी ऐंशी तारांची घ्यावी, कारण तिच्यातल्या जादा तारा शेजारच्या तारांमधला विद्युत गोंधळ अडवतात. तिचे निळे टोक मदरबोर्डला आणि काळे टोक मास्टर केलेल्या, म्हणजे त्या केबलवरच्या पहिल्या, उपकरणाला लावायचे असते. आयडीईनंतर आलेल्या बारीक सॅटा केबलच्या संगणकांत ही भानगड क्वचितच उद्भवते.

यूएसबी राइटरची कथा वेगळी. यूएसबी १.१चा पोर्ट सेकंदाला जेमतेम एक मेगाबाइट पुरवतो, म्हणजे डीव्हीडीचा एक एक्सही नाही, आणि जुन्या संगणकात २.०चा ड्रायव्हर बसलेला नसला तर चांगला पोर्टही त्याच वेगाने चालतो. हब आणि लांब एक्स्टेन्शन काढून राइटर मागच्या बाजूच्या, मदरबोर्डवरच्या पोर्टला थेट लावावा. चपट्या राइटरला लेझर पेटताना यूएसबी २.०च्या ५०० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह लागू शकतो. काहींसोबत दोन टोकांची केबल येते ती म्हणूनच, आणि तिचे दुसरे टोक लोंबकळत ठेवू नये.

आता उरली दोन्ही पट्ट्या भरलेली असण्याची स्थिती. प्रत्येक कोऱ्या डिस्कवर कारखान्याचा एक सांकेतिक क्रमांक असतो आणि तो वाचून राइटर आपल्या फर्मवेअरमधल्या यादीत त्या डिस्कसाठी लेझरची ताकद आणि वेग शोधतो. यादीत तो नसला तर राइटर सावधपणे कमी वेग धरतो. वेष्टनावरच्या नावावरून हा क्रमांक कळत नाही. नोएडाची मोझर बेअर कंपनी कित्येक ब्रँडांसाठी डिस्क बनवत असे आणि तिच्या डिस्कचा क्रमांक ‘एमबीआय’ने सुरू होई. इमगबर्नच्या खिडकीत हा क्रमांक आणि त्या डिस्कसाठी राइटर देऊ करत असलेल्या वेगांची यादी, दोन्ही दिसतात. यादीच ८एक्सवर संपत असेल तर सेटिंगमध्ये १६ लिहून काही उपयोग नाही. राइटरच्या कंपनीने नवे फर्मवेअर दिले असेल तर ते चढवावे, मात्र नेमक्या त्याच मॉडेलचे, आणि वीज जाण्याची भीती नसताना.

यादीत १६एक्स आहे, बर्न वेगात सुरू होतो, पण मध्येच वेग एकदम कोसळतो, असे असेल तर डिस्क बाहेर काढून खिडकीच्या उजेडात तिरपी धरावी. लिहिलेला भाग गडद कड्यासारखा दिसतो, आणि जिथे वेग पडला तिथे पुष्कळदा बोटाचा ठसा किंवा ओरखडा सापडतो. वर चिकटवलेले कागदी लेबल किंचित एका बाजूला असले तरी वेगात फिरणारी डिस्क थरथरते आणि राइटर गती उतरवतो. वेगवेगळ्या कारखान्यांच्या दोन-तीन स्वच्छ डिस्कवरही तेच घडले, तर लेझर थकला आहे असे समजावे आणि खात्रीसाठी राइटर दुसऱ्या संगणकाला लावून तीच आयएसओ फाइल लिहून पाहावी. तिथेही तोच आकडा आला तर राइटर बदलावा. तिथे वेग नीट आला तर आपल्या संगणकाची केबल, पोर्ट आणि ट्रान्सफर मोड पुन्हा तपासायला घ्यावेत.