ड्युटी-फ्रीची व्हिस्की घरी चाखताय? या चुका टाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात ड्युटी-फ्रीची बाटली घरात येते ती बहुतेक बोटीवरच्या मुलाबरोबर, नाहीतर आखातातून सुट्टीवर आलेल्या मेव्हण्याबरोबर. दोन बाटल्या जमल्या की शेजारी शेजारी मांडून ‘कुठली भारी’ याचा निकाल लावायचा मोह होतो, आणि तो पहिल्याच घोटाला लागतोही. असे निकाल बऱ्याचदा चुकतात. दोष बाटलीला दिला जातो, पण तो आधी खाल्लेल्या माशात, ग्लासात, पाण्यात नाहीतर उकाड्यात असतो.

खरेदी करताना

ड्युटी-फ्रीमध्ये एक लिटरची बाटली सर्रास मिळते, युरोपात 700 मिलीची आणि आपल्याकडे 750 मिलीची चालते. त्यामुळे भाव लिटरमागे काढा. ओळखीचं नाव दिसलं म्हणून आत तीच व्हिस्की असेल असं धरू नका. विमानतळांसाठी कंपन्या खास वेगळं बॉटलिंग काढतात आणि त्यातल्या बऱ्याच बाटल्यांवर वय, म्हणजे लाकडी पिंपात मुरल्याची वर्षं, नसतं. वय असेल तर ते आतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचं. रंगावर तर जाऊच नका, स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला कायद्यानेच परवानगी आहे.

वयाचा आकडाही सगळीकडे एका मापाने मोजता येत नाही. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण 2 टक्के व्हिस्की उडून जाते. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन ही व्हिस्की मुरते, तिथल्या हवेत हे प्रमाण कितीतरी पट असतं आणि लाकडाचा गुणही व्हिस्कीत लवकर उतरतो. आपल्या किनाऱ्यावरची ही सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीतली, माल्ट केलेल्या बार्लीची व्हिस्की) कमी वर्षांची म्हणून बाजूला सारणं मला अन्यायाचं वाटतं.

भारतात येताना माणशी 2 लिटरपर्यंत दारू ड्युटीशिवाय आणता येते. मुंबईला उतरून पुढे मोपाचं विमान धरायचं असेल, तर बाटली हातातल्या पिशवीत न ठेवता चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळा. बिल टाकून देऊ नका. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची अट 25 वर्षांची आहे, हेही ध्यानात असू द्या.

जेवणानंतर चाखणं

ही सर्वांत मोठी चूक. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ असतं आणि तिरफळाने जीभ चक्क बधिर होते. त्यावर सोलकढीतला लसूण आणि कोकमाचा आंबटपणा, घरभर तळलेल्या सुरमईचा वास. अशा तोंडाला 12 वर्षांची आणि 18 वर्षांची सारखीच लागणार. चाखायचं ते जेवणाआधी, स्वयंपाकघरापासून लांब, उदबत्ती न लावता. मध्ये साधं पाणी आणि पावाचा तुकडा. खारे काजू नंतर.

मे महिन्याच्या दुपारी चाखायला बसू नका. उकाड्यात ग्लासातून आधी अल्कोहोलच उसळतं, नाक झोंबतं आणि बाकीचे वास त्याखाली दडपतात. बाटली दहा मिनिटं फ्रिजच्या दारात ठेवली की पुरे. जास्त गार केली, बर्फ घातला, की वास मिटतो. डोक्यावरचा पंखाही तेवढ्यापुरता बंद करा, नाहीतर ग्लासातला सुगंध नाकापर्यंत पोचतच नाही.

ग्लास ओतण्याआधी रिकामाच हुंगून पाहा. पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेला ग्लास कुबट होतो, जवळ डांबर गोळ्या असतील तर विचारूच नका. गरम पाण्याने धुवा, फडक्याने न पुसता उपडा घालून वाळू द्या. वर निमुळता होणारा ट्युलिपसारखा ग्लास उत्तम, वाइनचा लहान ग्लासही चालतो. पाणी घालायचं तर किनाऱ्याजवळच्या विहिरीचं मचूळ किंवा नळाचं क्लोरीनचं नको, बाटलीबंद घ्या.

सारखं माप, सारखी ताकद

एक बाटली 40 टक्के अल्कोहोलची आणि दुसरी 46 ची असेल, तर दुसरी ‘दमदार’ वाटणारच. 30 मिली 46 टक्क्यांच्या व्हिस्कीत साडेचार मिली पाणी घातलं की ती 40 वर येते. औषधाच्या सिरिंजने हे नेमकं मोजता येतं. मग खरी तुलना सुरू होते. आपल्याकडे विकली जाणारी बरीच व्हिस्की 42.8 टक्क्यांची असते, तेव्हा लेबलावरचा आकडा आधी वाचा.

हलक्याकडून जडाकडे जा. आधी ग्लेनलिव्हेटसारखी, मग शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरलेली, आणि लॅफ्रोएग, आर्डबेगसारख्या आयला बेटावरच्या धुरकट व्हिस्की शेवटी. क्रम उलटा केलात तर धूर जिभेवर बसतो आणि पुढची बिचारी पाणचट ठरते. प्रत्येकी 15 मिली पुरे. ओतायचं काम दुसऱ्याकडे द्या आणि नावाची चिठ्ठी ग्लासाखाली ठेवायला सांगा, म्हणजे किंमत डोक्यातून जाते. वही घेऊन आपल्याच शब्दांत लिहा: खारीक, मनुका, चुलीचा धूर, टिंक्चर आयोडीन.

बाटलीत काही बिघडलंय असं वाटलं तर

पाणी किंवा बर्फ घातल्यावर व्हिस्की गढूळ झाली म्हणून भेसळीचा संशय घेऊ नका. थंड करून न गाळलेल्या व्हिस्कीत असं होतंच.

बाटली आडवी ठेवू नका, अल्कोहोल बुचाला खातं. कौलांखालच्या माळ्यावरही नको; खोक्यासकट खालच्या, अंधाऱ्या कपाटात उभी ठेवा. बंद बाटलीत व्हिस्की मुरत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं राखून वय वाढणार नाही. तळाशी थोडीच उरली असेल तर लहान काचेच्या बाटलीत काढा. बूच तुटून आत पडलं तर गाळणीवर मलमल टाकून गाळून घ्या आणि दुसऱ्या रिकाम्या बाटलीचं धडधाकट बूच लावा.