अनोळखी माणसांना बिचकणारा कुत्रा: खाऊ हातातून देऊ नका, त्याच्या मागे टाका

पाहुण्याच्या हातात बिस्किट द्यायचं आणि 'घे, घे, काही नाही करत ते' म्हणत कुत्र्याला पुढे ढकलायचं, हे घरोघरी चालतं. कुत्रा मान लांबवून बिस्किट घेतोही, पण त्याचे मागचे पाय पळायच्या तयारीत असतात. बिस्किट संपताच त्याच्या लक्षात येतं की माणूस अगदी जवळ आहे. मग तो भुंकतो, किंवा पाहुण्याची पाठ वळली की पोटरी धरतो. म्हणून हातातला खाऊ बंद.

पिल्लू साधारण 3 ते 14 आठवड्यांचं असताना माणसांची ओळख सहज पचवतं. रस्त्यावरून मोठेपणी घरी आलेल्या देशी कुत्र्याचा तो काळ बरेचदा निसटलेला असतो. त्याची भीती कमी करता येते, पण तो प्रत्येकाच्या अंगाशी खेळेल अशी अपेक्षा धरू नका. पाहुणे बसलेले असताना तो आपल्या जागी निवांत पडून राहिला, तरी काम झालं.

तयारीला हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा, लागतो. घाबरलेला कुत्रा मागे सरकत गळपट्ट्यातून मान काढून पळतो, त्यामुळे बाहेर नेताना दोरी दोन्हीला अडकवा. खाऊ म्हणजे बिनमिठाचं, कांदा-लसूण न घातलेलं उकडलेलं चिकन किंवा पनीर, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करून. रोजच्या जेवणात तेवढी कपात करा. शिवाय घरात त्याची एक जागा ठरवा, जिथून त्याला कोणीही ओढून काढणार नाही.

सुरुवात बाहेर, लांबून करा. माणूस दिसूनही कुत्रा खाऊ शकतो, तुमच्याकडे वळू शकतो, ते त्याचं अंतर. कोणाचं 10 मीटर, कोणाचं 40. ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, शेपटी पायांत, एकदम थिजून उभं राहणं ही माणूस फार जवळ आल्याची लक्षणं. खाऊ नाकारला किंवा बोटासकट हिसकावला तर लगेच मागे फिरा.

क्रम मात्र चुकवू नका: आधी माणूस दिसतो, मग एका सेकंदात खाऊ, माणूस नजरेआड, खाऊ बंद. उलट केलं, म्हणजे खाऊ दाखवून मग माणूस आणला, तर खाऊची पिशवीच त्याला धोक्याची सूचना वाटू लागते. एका वेळी 3 ते 5 मिनिटं पुरे. माणूस दिसताच कुत्रा आपणहून तुमच्याकडे खाऊसाठी पाहू लागला, की एखादा मीटर अंतर कमी करा.

घरी पाहुणा येताना कुत्रा आतल्या खोलीत असावा. बेल, दार आणि अनोळखी माणूस हे तिन्ही एकदम नकोत. पाहुणा बसला की कुत्र्याला सैल दोरीवर बाहेर आणा. पाहुण्याने त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, हात पुढे करायचा नाही. कुत्रा स्वतःहून जवळ आला, तर पाहुण्याने तुकडा त्याच्या डोक्यावरून पलीकडे, मागे टाकायचा. तो उचलायला कुत्रा लांब जातो, सुटकेचा श्वास घेतो आणि परत यायचं की नाही हे स्वतः ठरवतो. सगळी किमया या ठरवण्यात आहे. असे 8-10 तुकडे झाले की थांबा.

बसलेल्या पाहुण्याशी जमलं तरी तो उठला की बरेच कुत्रे भडकतात. पाहुणा उठण्याआधीच कुत्र्याला आत न्या.

हात लावण्याची वेळ फार पुढे येते. तेव्हाही डोक्यावर नाही, छातीला किंवा खांद्याला, 3 सेकंद. हात काढल्यावर कुत्रा जवळ सरकला तरच पुन्हा. लहान मुलांना यात उतरवू नका.

गुरगुरण्यावर कधीही ओरडू नका. ती सूचना आहे. ती दाबली तर कुत्रा न सांगता चावायला शिकतो. जवळ घेतल्याने भीती वाढते, हाही गैरसमज. तो तुमच्याकडे आला तर खुशाल कुरवाळा. एका मैत्रिणीशी जमलं म्हणजे हेल्मेट घातलेला कुरियरवालाही चालेल असं नाही, प्रत्येक वेगळ्या रूपासाठी पुन्हा लांबून सुरुवात करावी लागते. फटाके किंवा ढोल-ताशांनंतर दोन-तीन दिवस सराव बंद ठेवा, कारण आधीचा ताण उतरलेला नसतो.

काही आठवड्यांत काहीच फरक नसेल, किंवा धीट कुत्रा अचानक बिचकू लागला असेल, तर पशुवैद्यांना दाखवा. कान, दात, सांधे यांचं दुखणं बरेचदा मागे असतं. भीतीवर औषधंही आहेत. त्यातल्या काहींचा परिणाम दिसायला 4 ते 6 आठवडे लागतात. माणसांची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. चावण्याची शक्यता असेल तर जाळीदार मुसक्याची सवय आधी घरीच, खाऊ देत लावा. आणि दात लागलेच, तर कुत्र्याची लस झालेली असली तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा.