पिंग चालतो, साइट मात्र लटकते
फायबरच्या पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लाइन जोडणारी पद्धत) लाइनवर लिनक्स राउटर. राउटरवरून सगळं उघडतं, आतल्या मशिनवर मात्र काही साइट नुसत्या फिरत राहतात. डीएनएस उगाच बदलत बसू नका, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) बघा. 'डोन्ट फ्रॅगमेंट' (पॅकेटचे तुकडे करू नका) लावून १४७२ बाइटचा पिंग टाकला, गेला नाही. १४६४ चा गेला. हेडरचे २८ मिळवले की १४९२. नेहमीच्या १५०० मधले ८ बाइट पीपीपीओई खातो, त्याचा हा हिशोब. आतली मशिनं १५०० धरून बोलतात, आणि 'पॅकेट मोठं आहे' हा आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारा प्रोटोकॉल) निरोप समोरच्या सर्व्हरआधीच कुठल्यातरी अतिशहाण्या फायरवॉलने अडवलेला असतो.

आयपीटेबल्सच्या (लिनक्सची फायरवॉल) मँगल टेबलात, म्हणजे पॅकेट बदलणाऱ्या नियमांत, राउटरमधून पुढे जाणाऱ्या पॅकेटच्या फॉरवर्ड चेनमध्ये, जोडणी सुरू करणाऱ्या सिन पॅकेटना टीसीपी-एमएसएस (एका पॅकेटमधल्या टीसीपी डेटाची मर्यादा) क्लॅम्पिंग लावलं, म्हणजे ती मर्यादा कमी केली. एमएसएस १४६० वरून १४५२ झाला, साइट उघडल्या. नियम सेव्ह करा, नाहीतर रीबूटनंतर पुन्हा तेच. टीसीपीऐवजी यूडीपी वापरणाऱ्या ट्रॅफिकला हा उपाय लागू पडत नाही.