'थिंग्ज फॉल अपार्ट'वर उत्तर लिहिताय? या चुका टाळा

चिनुआ अचेबे यांच्या 1958 सालच्या या कादंबरीवरची बरीच उत्तरं एकाच सुरात सुरू होतात: नायजेरियातल्या इग्बो लोकांचं सुखी गाव, मग गोरे आले आणि सगळं उद्ध्वस्त झालं. घोळ इथेच होतो. एकूण प्रकरणं 25, त्यातली 13 पहिल्या भागात, आणि तिथे गोऱ्यांचा उल्लेख जेमतेम गप्पांच्या ओघात येतो. नायक ओकोंक्वोची घसरण मात्र तिथेच सुरू होते. हिंसा निषिद्ध असलेल्या शांततेच्या आठवड्यात तो बायकोला मारतो, दुसऱ्या गावातून ओलीस आलेल्या आणि त्याला बाप म्हणणाऱ्या इकेमेफुनावर स्वतः कोयता चालवतो. पुढे एका अंत्यविधीत त्याची बंदूक फुटून मृताचाच मुलगा मरतो आणि तो सात वर्षं आजोळी हद्दपार होतो.

म्हणून सगळं खापर त्याच्या तापटपणावर फोडायचं, ही गाइडमधल्या 'ट्रॅजिक फ्लॉ'ची (नायकाचा घात करणाऱ्या स्वभावदोषाची) कृपा. इकेमेफुनाला मारायचा कौल देवाचा होता, बंदूक फुटणं अपघात होता. आणि बोलणीसाठी बोलावून सहा पुढाऱ्यांना बेड्या घालणं, 200 पोती कवड्यांचा दंड ठोकणं, त्यात शिपायांनी स्वतःसाठी 50 वाढवून 250 उकळणं, हे तर निव्वळ गोऱ्या सरकारचं काम.

सर्वांत जास्त मार्क जातात ओकोंक्वोच्या मुलावर, ख्रिस्ती होणाऱ्या न्वोयेवर. 'मिशनऱ्यांनी मुलाला फितवलं' असं लिहू नका. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एकच, हा त्रैक्याचा सिद्धांत त्याला कळतही नाही. त्याला भिडतं ते गाणं, कारण जंगलात टाकलेल्या जुळ्यांचं रडणं आणि इकेमेफुनाचा खून त्याच्या मनात कधीपासून सलत असतात. चर्चमध्ये आणखी कोण येतं तेही पाहा: दर बाळंतपणात जुळी झाल्यामुळे ती टाकून द्यावी लागलेली न्नेका, अस्पृश्य ठरवलेले ओसू. गावाने ज्यांना दुखावलं, त्यांच्याच वाटेने नवा धर्म आत येतो. हा मुद्दा उत्तरात असलाच पाहिजे.

शेवट लिहिताना ओकोंक्वोच्या आत्महत्येवर थांबू नका. आत्महत्या धरणीचा अपराध, त्यामुळे गावकरी प्रेताला हात लावू शकत नाहीत. प्रेत उतरवण्यासाठी त्याच्या मित्राला, ओबिएरिकाला, परक्यांना विनवावं लागतं. आणि गोरा कमिशनर? त्याच्या पुस्तकात या माणसाला एखादा परिच्छेद पुरे, असं ठरवून तो निघतो.

दोन मिशनऱ्यांपैकी ब्राउन भला, त्याच्या जागी आलेला स्मिथ वाईट अशी वाटणीही नको. स्मिथ कडवा आहे खरा, पण ब्राउनच्याच शाळेतून काही महिन्यांत कोर्टाचे शिपाई आणि कारकून तयार होतात.