नगरपालिकेच्या सॉफ्टवेअरचा करारनामा कसा मागवाल?

घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूच्या नोंदी आता संगणकावर असतात. पण ते सॉफ्टवेअर कुणाच्या मालकीचं? मी एका नगरपालिकेच्या कर विभागात होते. ठेकेदार बदलला, तेव्हा डेटाबेसची रचना जुन्या ठेकेदाराशिवाय कुणालाच कळेना, आणि नोंदी परत देण्याबद्दल करारनाम्यात एक ओळही नव्हती. छापील रजिस्टरं बघून कारकुनांनी थकबाकीच्या नोंदी पुन्हा संगणकात भरल्या. लोकांच्या नोंदींवर लोकांचा ताबा असलाच पाहिजे, म्हणून कराराची मुदत संपायच्या आधी करारनामा मागवा.

माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र ‘अ’ या ठरावीक नमुन्यात लिहून त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. विषय एकच ठेवा आणि 150 शब्दांत आटपा; महाराष्ट्राच्या नियमांत तशी अट आहे. ‘हेच सॉफ्टवेअर का घेतलं?’ असं विचारू नका, त्यावर ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ एवढंच उत्तर येतं. कागद मागा: निविदा, कार्यादेश, सर्व जोडपत्रांसह करारनामा, वार्षिक देखभालीची देयकं आणि सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअर ज्यातून बनतं ते मूळ लिखाण, पालिकेला मिळाल्याची पोच. पोच नसेल तर ‘अभिलेखात उपलब्ध नाही’ असं लेखी येईल. तो कागद जपून ठेवा, पुढे तोच सगळ्यात जास्त कामाला येतो. सोर्स कोडची प्रत मात्र मागू नका, नकाराला आयतं कारण मिळतं.

तरीही ‘व्यापारी गुपित’ म्हणून माहिती नाकारायला माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(1)(घ) पुढे करतील. नकार मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रथम अपील करा. त्यात लिहा की करार हा शब्द कलम 2 मधल्या ‘माहिती’च्या व्याख्येतच आहे, आणि एखादा भाग खरंच गोपनीय असेल तर कलम 10 प्रमाणे तेवढा वगळून बाकीचा द्यावा.

करारनामा हाती आला की रकमेच्या आधी शेवटची पानं वाचा. करार संपल्यावर नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळणार? बॅकअप पालिकेचा माणूस स्वतः घेऊ शकतो का? मराठी नावं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत आहेत का? ठेकेदाराच्या खास फॉन्टमध्ये साठवलेली नावं दुसऱ्या संगणकावर नुसती अगम्य चिन्हं होतात. आडनाव वाचता येत नसेल तर वारसनोंद कशाच्या आधारे करणार?

केंद्र सरकारच्या 2015 च्या धोरणाची प्रतही काढून घ्या. निविदेत मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा (ज्याचा सोर्स कोड सगळ्यांना खुला असतो) विचार झालाच पाहिजे आणि ते वगळलं तर कारण द्यावं लागेल, असं त्यात आहे. ते केंद्राच्या कार्यालयांना आणि स्वीकारणाऱ्या राज्यांना लागू आहे, त्यामुळे पालिकेला त्याची सक्ती दाखवू नका, नमुना म्हणून द्या.

हे सगळं नवी निविदा निघायच्या आधी आपल्या नगरसेवकाकडे पोचवा आणि सर्वसाधारण सभेत एक अट घालायला सांगा: ‘करार संपताच सर्व नोंदी, डेटाबेसच्या रचनेच्या माहितीसह, खुल्या (इतर सॉफ्टवेअरमध्येही उघडणाऱ्या) स्वरूपात विनामूल्य पालिकेच्या ताब्यात दिल्या जातील, तोवर अंतिम देयक अदा होणार नाही.’