मधपेटीची खरी शिकवण आषाढात

मृगाचा पाऊस धरला की सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, पेट्या रिकाम्या व्हायला लागतात, आणि त्यातल्या बहुतेक उपासमारीनं होतात. बाकीचं मागाहून वाचा, आधी पेटीत खायला किती उरलंय ते बघा.

जावळी खोऱ्यात मागच्या आषाढात एका पोराची पेटी उघडली. झाकण काढलं तरी गुंजारव नाही. पोळ्यावर पिंजलेल्या कापसासारखी, पोळं खाणाऱ्या मेणकिड्याची जाळी. रिकाम्या घरांत डोकं खुपसून मेलेल्या माश्या, बाहेर नुसते पार्श्वभाग. भुकेनं मेलेली माशी अशीच सापडते. पोरगा कष्टाळू, प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं. पण त्याचं आठ-दहा दिवसांचं प्रशिक्षण झालं मार्चमध्ये, जांभूळ फुललेलं असताना. तेव्हा पेटी कुणाच्याही हातात चालते. जून ते ऑगस्ट घाटमाथ्यावर माशीला बाहेर पडायला उघडीप नसते नि रानात पुरेसं खायला नसतं, हे त्यानं पाहिलंच नव्हतं.

महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून पेटी मागणारे तरुण मला जास्त भेटतात. त्यांना शिकवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: वर्ग दोन तुकड्यांत घ्या. पहिला फुलोऱ्यात, दुसरा पावसाळ्यात, तोही शिकणाऱ्याच्या स्वतःच्या पेटीपाशी. मध काढायचं यंत्र फिरवून दाखवण्यात अर्धा दिवस घालवू नका, अंडं ओळखायला शिकवा. घराच्या तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक पांढरी काडी दिसली की झालं. अंडं तीन दिवसांत फुटतं, म्हणजे तीन दिवसांमागे तरी राणी पेटीत होती. राणी शोधत पाऊण तास पेटी उघडी ठेवली तर पिलावा, म्हणजे घरांत वाढणारी पिल्लं, गारठतो.

नवख्यानं पेट्या दोन घ्याव्यात. एकच असली तर अडल्यावेळी पिलाव्याची फ्रेम, म्हणजे पोळ्याची चौकट, आणायची कुठून? आणि दहा घेतल्या तर पहिल्याच पावसात हात पुरत नाहीत.

पाकाची शिफारस अशी: दर वसाहतीला आठवड्याला २०० ग्रॅम साखर, तेवढ्याच पाण्यात विरघळवून. सलग झड लागली की एवढ्यानं भागत नाही असं माझ्या पाहण्यात आहे. मी तेव्हा आठवड्यातून दोनदा देतो. पेटी मागून दोन बोटांनी उचलून बघायची, अलगद उचलली गेली तर पाक त्याच संध्याकाळी. सगळ्या पेट्यांना एकाच वेळी द्या, नाहीतर लूटमार होते, एका पेटीच्या माश्या दुसरीतलं खाणं पळवतात. भांड्यात काड्या टाका, माश्या बुडत नाहीत. गुळाचा पाक नको, माश्यांना हगवण लागते. मधकोठा, म्हणजे मध साठायचा वरचा कप्पा, चढवलेला असताना पाक देऊ नका, तो मधात उतरतो.

दुकानदार माश्यांच्या टॉनिकची बाटली पुढे करेल. तेवढ्या पैशांची साखर घ्या. मेलिफेराच्या, म्हणजे परदेशी मधमाशीच्या, पेट्याही गळ्यात मारतात. पण ती माशी फुलोऱ्यामागं गाडीनं हलवावी लागते. फिरण्याची सोय नसेल तर डोंगरात सातेरीच बरी.

पावसाळ्यातली नेहमीची कामं:
- दर ८-१० दिवसांनी तळपाट (पेटीच्या तळाची फळी) खरवडणे, कचरा जाळणे
- माश्यांनी न झाकलेली पोळी काढणे
- मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या
- दार अरुंद, पेटी पुढे किंचित कलती
- तपासणी उघडीप बघून, भर दुपारी, पाच मिनिटांत

आणि दाराशी रोज नजर टाका. ऊन पडूनही दोन-तीन दिवस पायाला पराग लावून माश्या येत नसतील नि आत अंडी-पिलावा दिसत नसेल, तर वसाहत पेटी सोडायच्या बेतात आहे असं धरा. त्याच दिवशी दाराला राणी अडवणारी जाळी लावा, दुसऱ्या निरोगी पेटीतली पिलाव्याची एक फ्रेम माश्या झटकून आत द्या, संध्याकाळी पाक ठेवा. सकाळपर्यंत थांबलात तर हाती नुसतं लाकूड उरतं.